फुकटचा टप, २,१०० डॉलरचा ट्रेलर आणि दाजींची वही



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक फोटो दाखवला होता. ब्लूबेरीच्या शेताच्या कडेला, गवतात पालथा पडलेला पांढरा फायबरचा टप. बारा मिनिटांत त्याची गोष्ट मावली नाही आणि आकडे तर अजिबात मावले नाहीत. म्हणून हा लेख. जवळ वही-पेन असू द्या, पुढे हिशोब आहे.

आधी जागा सांगतो. माझी ताई आणि दाजी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियामधल्या अ‍ॅबट्सफर्डला राहतात. गेल्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे त्यांच्याकडे होतो. तिकडे पिकअप ट्रक म्हणजे आपल्याकडच्या मोटरसायकलसारखा, घरटी एक. त्याच्या मागच्या हौद्यावर पाऊस-बर्फ लागू नये म्हणून फायबरचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं, खिडक्या असलेलं झाकण बसवतात. त्या भागात त्याला कॅनोपी म्हणतात, अमेरिकेत कुठे टॉपर, कुठे कॅप, कुठे कॅम्पर शेल. आपण सरळ टप म्हणू. ट्रक भंगारात जातो, पण टप काही गंजत नाही. तो मागे उरतो, आणि दुसऱ्या कंपनीच्या ट्रकवर धड बसत नाही. मग वर्षानुवर्षं कुणाच्या तरी अंगणात पडून राहतो. मालकाला तो नको असतो आणि टाकून द्यायचा तर त्याचेही पैसे पडतात.

असाच एक टप दाजींना एका शेतकऱ्याने "घेऊन जा" म्हणून दिला. साडेसहा फुटी हौद्याचा, बाजूच्या दोन्ही खिडक्या शाबूत, मागच्या दाराची काच फुटलेली. दाजींच्या डोक्यात लगेच चित्र तयार: खाली ट्रेलरची चौकट, वर हा टप, आत गादी, मागे छोटं किचन. झाला कॅम्पिंग ट्रेलर. तिकडे लोक असे ट्रेलर घरी बनवतातच, त्यात नवल काही नाही.

नवल पुढे आहे. दाजी ज्या लाकडाच्या मिलमध्ये काम करतात तिथे दोन पाळ्यांची एक पाळी झाली होती. नोकरी होती, पण तास कमी झाले होते. बाजूला टाकलेले २२ हजार डॉलर होते, आणि एक वर्कशॉपचा गाळा महिना १,८०० डॉलर भाड्याने मिळत होता. दाजींचा विचार असा, की हा एक ट्रेलर बनवून बघायचा, जमला तर गाळा घ्यायचा आणि असेच ट्रेलर बनवून विकायचे. गाळेवाल्याला महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. ताई मला विमानतळावरून घरी आणतानाच म्हणाली, "तू लोकांना धंदा शिकवतोस ना? मग तुझ्या दाजींना जरा बघ. मी काही बोलले की त्यांना वाटतं मी मोडता घालते."

आता मेहुण्याने दाजींना शिकवायचं, हे आपल्याकडे कसं दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. मी एकच गोष्ट मागितली. "दाजी, तुम्ही बनवा, मी हाताखाली काम करतो. पण रोज संध्याकाळी दोन आकडे वहीत लिहायचे. किती डॉलर गेले आणि किती तास गेले." दाजी हसून म्हणाले, "लिही की. त्यात काय!"

पहिला व्यवहार दाजींनी फार हुशारीने केला. नवीन चौकट वेल्ड करत बसण्याऐवजी त्यांनी ३५० डॉलरला एक जुना सामानाचा ट्रेलर घेतला. फळ्या कुजलेल्या, एक्सल वाकलेला, टायर गेलेले. मी म्हटलं, हे काय भंगार उचललंत? दाजींनी चौकटीवरची छोटी पट्टी पुसून दाखवली. तिच्यावर ट्रेलरचा नंबर होता आणि मालकाकडे त्याचे कागद होते. घरी पहिल्यापासून बनवलेल्या ट्रेलरला आधी नवा ओळख क्रमांक घ्यावा लागतो, मग नोंदणी, मग नंबरप्लेट. इथे नंबर आधीच होता. म्हणजे दाजींनी लोखंड नाही, कागद विकत घेतला. वर्कशॉप चालवणाऱ्यांनी याच्यावर जरा थांबून विचार करा. आपण माल घासाघीस करून घेतो आणि कागद नंतर बघू म्हणतो. बऱ्याच वेळा खरी किंमत कागदाचीच असते.

एक्सल मात्र नवा घ्यावा लागला. दुकानदार ३,५०० पौंडांचा देत होता, म्हणजे साधारण १,६०० किलो पेलणारा. "मोठा घ्या, टेन्शन नाही." आपल्यालाही हे वाक्य पाठ आहे. पण ट्रेलरचे पाटे वजनाला धरून असतात. अर्ध्या टनाच्या ट्रेलरखाली दीड टनाचे पाटे घातले तर ते वाकतच नाहीत, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट स्क्रूंना, काचेला आणि वायरला लागतो. आम्ही २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०० किलोचा घेतला. पाटे, हब, बेअरिंग धरून ४१० डॉलर.

आणि मग टपाने आपलं खरं रूप दाखवायला सुरुवात केली.

टप सांगेल तसं

टपाची आतली उंची दोन फूट. ट्रकच्या हौद्यावर ते ठीक आहे, कारण खाली हौद्याच्या भिंती असतात. सपाट ट्रेलरवर ठेवला तर आत माणूस फक्त झोपू शकतो, कुशीवर वळतानाही खांदा लागतो. म्हणून खाली दोन फुटांची प्लायवुडची भिंत उभी करून त्यावर टप ठेवायचा ठरला. म्हणजे आत मांडी घालून बसता येईल. पण टपाची खालची कड सरळ नव्हती. पुढे रुंद, मागे किंचित निमुळती, आणि दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नव्हत्या, कारण इतकी वर्षं पालथा पडून फायबरने थोडा पीळ घेतला होता. मग भिंत टपाच्या मापाने कापायची. भिंतीच्या मापाने चौकट रुंद करायची. चौकट रुंद केली की चाकांवरचे मडगार्ड बाहेर सरकवायचे. टप फुकट आला होता, पण तो आल्यापासून घरातलं प्रत्येक माप तोच ठरवत होता. जावयासारखा.

माझं स्वतःचं वर्कशॉप होतं तेव्हा एका ओळखीच्या कारखान्यातून मला असाच जुना कॉम्प्रेसर फुकट मिळाला होता. त्याच्यासाठी मी मोठी मोटर घेतली, मोटरसाठी वीजजोडणी वाढवून घेतली, आणि आवाजामुळे शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून वेगळी खोली बांधली. वर्षभराने कॉम्प्रेसर विकला, किलोच्या भावाने. खोली अजून आहे.

टपाच्या दुरुस्तीत आम्ही एक चूक केली, ती तुम्ही करू नका. जुन्या भोकांवर आणि खिडकीच्या कडेला आम्ही हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन भरलं. दिसायला छान. पहिल्याच पावसात डाव्या खिडकीखालून गादीवर धार. सिलिकॉनची अडचण अशी की एकदा लावलं की त्याचा तेलकट थर फायबरवर राहतो, आणि त्यावर पुन्हा ना रंग धरत, ना रेझिन, ना दुसरं सिलिकॉन. अर्धा दिवस ब्लेडने खरवडून, घासून, पुसून काढलं. मग ब्युटिल टेप लावली. ती काळी चिकट पट्टी असते, कणकेसारखी, कधी पूर्ण सुकत नाही. फ्रेम वरून स्क्रूने दाबली की कडेने बाहेर येते, ती सुरीने कापून टाकायची. ट्रेलर धावताना हलतो, भिंती हलतात, त्यामुळे सांध्यात बसणारी वस्तूही थोडी हलणारी हवी. कडक होणारी वस्तू तडकते आणि पाणी तिथूनच शिरतं.

मागच्या फुटक्या दाराच्या जागी दाजींनी वर उघडणारी प्लायवुडची फळी बसवली. ती उघडली की तिच्या सावलीत शेगडी. शेगडी बाहेरच, यावर मी हटून बसलो. दाजींना थंडीसाठी आत गॅसचा छोटा हीटर हवा होता. चार फूट उंच बंद डब्यात दोन माणसं झोपलेली आणि आत ज्योत जळतेय, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. शेवटी दोन बाजूंना दोन जाळ्या कापल्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आणि ताईने जाड रजया दिल्या. जाळ्यांचा दुसरा फायदा नंतर कळला. त्या बंद ठेवल्या तर सकाळी श्वासाची वाफ छताला आतून थेंब होऊन लटकलेली असते.

दिव्यांचं काम तसं सोपं. चार वायरचा चपटा प्लग असतो. पांढरी अर्थ, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडच्या ब्रेक-इंडिकेटरची, हिरवी उजवीकडची. आमचा डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचे दिवेही मिणमिणायचे. दाजी सगळी वायरिंग उसवायला निघाले होते. ट्रेलरवर दिव्यांनी असे चाळे केले की आधी अर्थ बघायची. पांढरी वायर रंगावर स्क्रू केली होती, उघड्या लोखंडावर नाही. ग्राइंडरने रुपयाएवढा रंग उडवला, स्क्रू परत मारला, काम संपलं.

उलाळ

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो.

ट्रेलर तयार झाला. दाजींच्या जुन्या एसयूव्हीला जोडला, साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन अडकवल्या. त्या तशाच अडकवायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडतो. सामान भरलं. किचन मागे, म्हणून पाण्याचे कॅन मागे, बॅटरी मागे, आइसबॉक्स मागे. सगळं हाताशी. आणि शनिवारी सकाळी आम्ही चौघं, म्हणजे ताई, दाजी, भाची आणि मी, मॅनिंग पार्ककडे निघालो. अ‍ॅबट्सफर्डहून हायवे एकने चिलिवॅक, पुढे होप, आणि होपपासून हायवे तीनने डोंगरात.

अ‍ॅबट्सफर्ड सोडलं की सुमास प्रेअरी नावाचा सपाट पट्टा लागतो. तिथे वारा आडवा येतो. गाडी नव्वदच्या आसपास होती. एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि मागे ट्रेलरने शेपूट हलवली. आधी थोडी. मग दुसऱ्या बाजूला जास्त. मग आणखी जास्त. आता ट्रेलर गाडीला ओढत होता. भाचीने माझा दंड पकडला. दाजींचा पाय ब्रेककडे गेला आणि ताई ओरडली, "ब्रेक नका मारू!" कुठून सुचलं तिला, देव जाणे. तिने पुढे सांगितलं की बर्फात घसरताना ब्रेक मारायचा नसतो, हे डोक्यात बसलं होतं. दाजींनी ब्रेक सोडला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पायही काढला, स्टिअरिंग नुसतं सरळ धरून ठेवलं. वेग उतरला तसा ट्रेलर शांत झाला. असा झोल सुरू झाला तर हेच करायचं असतं. जोरात ब्रेक मारला तर मागचं वजन पुढे रेटतं आणि ट्रेलर गाडीला कात्रीत पकडतो. स्टिअरिंगने उलट-सुलट सावरायला गेलं तरी झोल वाढतो.

पुढच्या एक्झिटला उतरलो. पेट्रोल पंपावर कुणी पाच मिनिटं बोललं नाही. मग मी म्हटलं, "दाजी, उसाची गाडी आठवतेय का?"

दाजी वाळवा तालुक्यातले. लहानपणी उसाच्या बैलगाडीवर बसून कारखान्याला गेलेले. गाडीत मागे ऊस जास्त झाला की जू वर उचललं जातं, त्याला म्हणायचे गाडी उलाळ झाली. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार, ती धुरजड. गाडीवान पुढे-मागे चार मोळ्या सरकवून, किंचित धुरजड ठेवूनच गाडी काढायचा. काटा नव्हता, पण हात होता. दाजी ट्रेलरकडे बघत राहिले. "उलाळच की ही," ते म्हणाले. "आयला, हे तर मला येत होतं."

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार कपलरवर, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्यावर यायला हवा. उत्तर अमेरिकेत हाच नियम सांगतात. त्याहून फार कमी असेल तर ट्रेलर उलाळ होतो आणि वेगात झोल मारतो. फार जास्त असेल तर गाडीचं मागचं अंग दबतं आणि पुढची चाकं हलकी पडतात. आम्ही हे मोजलंच नव्हतं. परत घरी आलो. ट्रेलर कचरा डेपोच्या वजनकाट्यावर नेला, भरलेल्या सामानासह ५२० किलो. मग ताईचा बाथरूममधला वजनकाटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर कपलर टेकवला, ट्रेलर सपाट ठेवून. आकडा आला २८ किलो. पाच टक्क्यांच्या जरा वर. पाहिजे होते ५२ ते ७८.

पाणी आणि बॅटरी एक्सलच्या पुढे नेली. दांड्यावर पेटी बसवली, जॅक आणि हत्यारं त्यात. पुन्हा मोजलं, ६१ किलो. पुढच्या शनिवारी त्याच सुमास प्रेअरीवर, त्याच वाऱ्यात, ट्रेलर मागे मांजरासारखा आला. पहिले ८० किलोमीटर झाल्यावर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळले आणि हबला हात लावून बघितला. हब कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस कमी आहे.

बाथरूमचा वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा. सगळी मिळून दहा मिनिटं. पहिल्या शनिवारी निघण्याआधी ही दहा मिनिटं आम्ही दिली नव्हती, कारण उशीर होत होता.

वहीतले आकडे

मॅनिंग पार्कला लाइटनिंग लेकच्या काठी आमच्या शेजारी एक अंड्याच्या आकाराचा छोटा फायबरचा ट्रेलर होता. बोलर. कॅनडात याला फार मान आहे. याची गोष्ट मी दाजींना रात्री शेकोटीजवळ सांगितली, तुम्हालाही सांगतो.

विनिपेगमध्ये रे ओलेको नावाचा माणूस होता. फायबरच्या सेप्टिक टँकवर त्याने काम केलेलं. टँक लोखंडाचा किंवा काँक्रीटचा असण्यापेक्षा फायबरचा हलका पडतो. त्याच्या लक्षात आलं की याच पद्धतीने छोट्या गाडीमागे ओढता येईल असा हलका ट्रेलरही होईल. १९६८ साली त्याने बोलर आणला. वरचा अर्धा साचा, खालचा अर्धा साचा, दोन्ही मधोमध जोडायचे. भिंतींना सांधा नाही, त्यामुळे गळायला जागा कमी. नाव बोलर हॅटवरून. पुढे या पद्धतीचे फायबर ट्रेलर अमेरिकेतही बनू लागले. पन्नास वर्षांनंतरही ते रस्त्यावर दिसतात.

दाजी म्हणाले, "बघ, मी म्हणतोय तेच. फायबरचा छोटा ट्रेलर. लोकांना पाहिजे."

तेवढ्यात योगायोगाने त्याच संध्याकाळी आमचा ट्रेलर बघून गेलेला एक गृहस्थ परत आला आणि ३,२०० डॉलरला मागू लागला. दाजींचे डोळे चमकले. मी पिशवीतून वही काढली.

जुना ट्रेलर ३५०. एक्सल, पाटे, हब, बेअरिंग ४१०. दोन टायर-रिम २४०. लोखंडी ट्यूब आणि अँगल १९०. प्लायवुड, लाकूड, इन्सुलेशन ३१०. रेझिन, फायबर मॅट, टेप, रंग १७५. कपलर, साखळ्या, जॅक १४०. दिवे-वायर ६५. गादी, पडदे, किरकोळ २२०. बेरीज २,१०० डॉलर. टप शून्य.

३,२०० वजा २,१००, उरले १,१००. इथपर्यंत दाजी खूश.

मग तास. लोखंडकाम २४. टपाची दुरुस्ती आणि गळती २७. भिंती आणि लाकूडकाम २९. वायरिंग ७. आणि ३१ तास कशाचे? दुकानांच्या फेऱ्या, जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघणं, फोन, टप उचलून आणणं, चुकीच्या मापाची वस्तू परत करणं. एकूण ११८. हे फक्त दाजींचे तास, माझी मजुरी धरली नाही, मेहुणा म्हणून सोडून दिली.

१,१०० भागिले ११८. तासाला ९ डॉलर ३२ सेंट. ब्रिटिश कोलंबियात जून २०२५मध्ये किमान वेतन तासाला १७ डॉलर ८५ सेंट झालं होतं. म्हणजे दाजी कुणाच्या दुकानात झाडू मारायला उभे राहिले असते तरी जवळपास दुप्पट मिळालं असतं. नुसतं किमान वेतन धरलं तरी या ट्रेलरची किंमत सुमारे ४,२०० डॉलर निघते. यात गाळ्याचं भाडं नाही, विमा नाही, आणि गिऱ्हाईकाने "गळतोय" म्हणून परत आणला तर त्याचे तास नाहीत.

दाजी गप्प बसले. मग म्हणाले, "पहिला होता म्हणून इतका वेळ लागला. दुसरा सत्तर तासांत काढतो."

हा मुद्दा बरोबर आहे, आणि तुमच्यापैकी प्रत्येक जण हेच म्हणाला असता. हात बसतो, चुका कमी होतात. मी सत्तर तास धरून दाखवलं, १५ डॉलर ७१ सेंट. तरीही कमी. पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. "दाजी, दुसरा टप कुठल्या मापाचा असेल?"

आठ फुटी असेल, नाहीतर साडेपाच फुटी. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या उताराचा, दुसऱ्या बाजूला पीळ घेतलेला. यावेळी कापलेल्या भिंतींचं एकही माप त्याला लागू पडणार नाही. चौकट वेगळी, मडगार्ड वेगळे, वजनाचा तोल वेगळा, म्हणजे तो ठोकळा आणि काटा पुन्हा पहिल्यापासून. ओलेकोने ट्रेलर विकले हे खरं, पण त्याच्याकडे साचा होता. शंभरावा ट्रेलर पहिल्यासारखाच निघायचा. भंगारातून एक सुंदर वस्तू निघते. तिच्यासारखी दुसरी निघत नाही, आणि गाळ्याचं भाडं दर महिन्याला तेवढंच असतं.

मी दाजींना "घेऊ नका" असं म्हटलं नाही. वही त्यांच्याकडे दिली आणि झोपायला गेलो. तंबूत, कारण ट्रेलरमध्ये ताई आणि भाची होत्या.

सकाळी दाजी चहा करत होते. ट्रेलर विकायचा नाही, असं त्यांनी त्या गृहस्थाला सांगून टाकलं होतं. मग मला म्हणाले, "काल रात्री मी त्या बोलरवाल्याशी बोललो. त्याचा मागचा दिवा लागत नव्हता. अर्थ होती. दहा मिनिटांत काढून दिली. तो म्हणाला, गावात दुकानात नेला तर दोन आठवड्यांची तारीख देतात."

इथून पुढचं दाजींचं स्वतःचं आहे, मी काही शिकवलं नाही. गाळ्याला त्यांनी नाही कळवलं. शनिवार-रविवारी लोकांच्या अंगणात जाऊन ट्रेलरची बेअरिंग धुऊन ग्रीस भरून द्यायची, दिव्यांची अर्थ बघायची, खिडक्यांचं सिलिकॉन काढून ब्युटिल लावायचं, आणि कपलरवरचा भार मोजून द्यायचा. बेअरिंग सगळ्यांची सारखीच असतात. सामान गाडीच्या डिकीत मावतं. विमा मात्र काढावा लागला, तो चुकवू नका. आणि ब्युटिल टेप घाऊक घेतली तर स्वस्त पडते, हेही त्यांनीच शोधलं. २२ हजार बँकेतच आहेत.

आपल्याकडे करायचं म्हटलं तर

व्हिडिओ बघून तुम्ही विचाराल, सर, कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सामान मिळेल, आपण बनवू का? सामान मिळेल, वेल्डर तर आपल्याकडे एकापेक्षा एक आहेत. पण मोटार वाहन कायदा, १९८८ यात ट्रेलर म्हणजे वेगळं वाहन, त्याला स्वतःची नोंदणी लागते. आणि कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या मूळ गोष्टींशी विसंगत असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. अंगणात जोडून रस्त्यावर काढला असं इथे होत नाही. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं आहे, त्यात कुणाला शिरायचं असेल तर आधी आपल्या आरटीओ कार्यालयात जाऊन बसा, वेल्डिंग मशीन नंतर चालू करा. दाजींनी आधी नंबरची पट्टी बघितली होती, आठवतंय ना.

बाकी तुमचा फूड ट्रक असो, टेम्पोवरचा ज्यूसचा ठेला असो, की जुन्या कंटेनरमधलं ऑफिस, वही तीच. एका पानावर पैसे, दुसऱ्यावर तास, आणि दुकानाच्या फेऱ्यांचे तासही लिहायचे. त्या फेऱ्या कुणीच लिहीत नाही. दाजींच्या ११८मधले ३१ तिथेच गेले होते.

वहीच्या पानांचे फोटो मी पुढच्या व्हिडिओत दाखवतो. दाजींची परवानगी घेतली आहे. फक्त ताईने केलेली एक नोंद झाकणार आहे, ती घरगुती आहे.

आणि हो, काल ताईने एक फोटो पाठवला. घरामागची हिरवळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि कोपऱ्यात पालथा पडलेला टप. यावेळचा निळा आहे, आठ फुटी. खाली ताईने फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलंय. मी दाजींना अजून फोन केलेला नाही.